लिम्फोमा देशागणिक वेगळा का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझ्या थोरल्या बंधूंचे वय ५८ आहे. त्यांची उभी हयात सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणण्यात गेली. मानेतली गाठ काढून तपासली असता ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा’ (शरीराच्या संरक्षक पेशींचा एक कर्करोग) असा अहवाल आला आणि डॉक्टरांनी लगेच केमोथेरपी सुरू करण्यास सांगितले. अमेरिकेत असलेला माझा पुतण्या मात्र सांगतो की, तिकडे त्याच्या शेजाऱ्यांनाही लिम्फोमाच आहे, पण त्याचा प्रकार ‘फॉलिक्युलर’ आहे आणि त्यांच्यावर दोन वर्षे औषधाविना नुसते लक्ष ठेवले आहे. हा आजार देशाप्रमाणे बदलतो का? आम्ही घाई तर करत नाही ना?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी आपल्या बंधूंविषयी. त्यांचे उपचार कृपया लांबणीवर टाकू नका. फॉलिक्युलर लिम्फोमा बहुधा संथपणे वाढतो आणि काही रुग्णांना त्रास होईपर्यंत औषध न देता तपासत राहणे हाच शास्त्रशुद्ध मार्ग असतो. आपल्या बंधूंना झालेला प्रकार वेगाने वाढतो, पण वेळेवर उपचार मिळाल्यास त्यातून पूर्णपणे बरे होणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ते शेजारी सोलापुरात असते तरी त्यांच्यावर लक्षच ठेवले असते आणि आपले बंधू अमेरिकेत असते तरी त्यांना तातडीने औषधे सुरू झाली असती.

आता देशाप्रमाणे आजार बदलतो का, याविषयी. लिम्फोमा हे एका आजाराचे नाव नसून पन्नासहून अधिक आजारांच्या कुळाचे नाव आहे. रक्तातल्या आणि लसिका ग्रंथींतल्या संरक्षक पेशींपैकी कोणती पेशी, तिच्या वाढीच्या कोणत्या टप्प्यावर बिघडली, यावर प्रकार ठरतो. आपल्या बंधूंचा प्रकार जगात जवळपास सर्वत्र सर्वाधिक आढळणारा आहे. फरक उरलेल्या प्रकारांत पडतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात आठ देशांतल्या सुमारे १४०० रुग्णांचे नमुने एकाच पद्धतीने तपासले गेले. त्यांत फॉलिक्युलर प्रकाराचे प्रमाण एकूण २२ टक्के होते, पण उत्तर अमेरिका, लंडन आणि केपटाउन येथे ते इतर ठिकाणांपेक्षा लक्षणीयरीत्या जास्त होते, तर नाकातून सुरू होणारा एक विशिष्ट लिम्फोमा हाँगकाँगमध्ये अधिक दिसला. भारतातही फॉलिक्युलर प्रकाराचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो, कारण या विषयावरच्या लेखांत बहुतेक गोंधळ याच जागी होतो. ‘शंभर रुग्णांपैकी किती’ आणि ‘लाख लोकसंख्येमागे किती’ हे दोन वेगळे आकडे आहेत. समजा, सारख्याच लोकसंख्येच्या दोन गावांपैकी एकात दहा रुग्ण आहेत व त्यांतल्या सहांना आपल्या बंधूंचा प्रकार आहे. दुसऱ्या गावात तीस रुग्ण आहेत व त्यांतल्या दहांना तो आहे. पहिल्या गावात वाटा मोठा दिसतो, पण प्रत्यक्षात रुग्ण दुसऱ्या गावात जास्त आहेत. भारतात लिम्फोमाचे एकूण प्रमाणच पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी नोंदले जाते. त्यामागे आपल्या लोकसंख्येचे कमी वय आहे, खरोखरचा फरक आहे आणि निदानाविना राहिलेले रुग्णही आहेत. हे तिसरे कारण दूर करण्याच्या कामात आपल्याच जिल्ह्याचा वाटा मोठा आहे, हे सांगताना मला अभिमान वाटतो. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतले रुग्ण आपण होऊन मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचत नाहीत, हे ओळखून तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरून नोंदी करू लागले.

फरक कशामुळे पडतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण आफ्रिकेतले आहे. डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकांनी युगांडातल्या मुलांच्या जबड्यावर झपाट्याने वाढणाऱ्या गाठींचे वर्णन १९५८ साली प्रसिद्ध केले. हाही एक लिम्फोमाच. पुढे १९६१ मध्ये दोन सहकाऱ्यांसह मोटारीने हजारो मैल फिरून, रुग्णालयारुग्णालयांत विचारपूस करून त्यांनी या आजाराचा नकाशा तयार केला. उष्ण आणि पावसाळी सखल प्रदेशात आजार होता, थंड उंच पठारांवर तो नव्हता आणि तो नकाशा मलेरियाच्या नकाशाशी जुळत होता. १९६४ मध्ये याच गाठींच्या पेशींत एपस्टाइन-बार विषाणू सापडला. हा विषाणू जगभरातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो, म्हणजे आजार होण्यास एकटा विषाणू पुरेसा नाही. जिथे लहानपणापासून मलेरिया पुन्हा पुन्हा होतो, तिथे संरक्षक पेशी सतत चेतवल्या जातात आणि त्यांच्या गुणसूत्रांत नेमकी चूक होण्याची शक्यता वाढते.

जपानच्या नैर्ऋत्येकडील क्यूशू बेटावर प्रौढांमधला टी-पेशींचा (संरक्षक पेशींच्या एका प्रकाराचा) एक कर्करोग दाटीने आढळतो. त्याचे मूळ एचटीएलव्ही-१ या विषाणूत आहे आणि हा विषाणू मुख्यतः आईच्या दुधातून बाळाकडे जातो. नागासाकी प्रांतात १९८७ पासून गरोदर स्त्रियांची तपासणी सुरू झाली, कारण दुधातून होणारा संसर्ग टाळून प्रतिबंध करण्याची वाट इथे मोकळी होती. इटलीच्या ईशान्य भागात जठराचा एक लिम्फोमा अधिक दिसला आणि तिथे हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्गही व्यापक होता. त्या जिवाणूवर प्रतिजैविके दिल्याने अनेक रुग्णांची जठरातली गाठच विरघळून गेली. माझ्या मते या साऱ्या विषयातली ही सर्वांत आशादायक घटना आहे.

सर्वच फरक संसर्गातून येत नाहीत. लिम्फोमाच्याच कुळातला क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे पाश्चात्त्य देशांतल्या प्रौढांत सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग, जपानी लोकांत दुर्मीळ आहे आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबांतही तो कमीच राहिला. इथे आनुवंशिकतेचा हात मानावा लागतो.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या भाच्याला हॉजकिन लिम्फोमा झाला आहे. हा आजार विषाणूमुळे होतो असे ऐकल्यापासून घरातले सगळे धास्तावले आहेत. आमच्याकडे मुले एका ताटात जेवतात, एकमेकांचे उष्टे खातात. त्याचे ताट-वाटी वेगळी ठेवावी का?
— एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : ताई, त्याचे ताट या भीतीपोटी वेगळे करू नका. लिम्फोमा एकाकडून दुसऱ्याला होत नाही. एपस्टाइन-बार विषाणू लाळेतून पसरतो हे खरे, पण आपल्याकडे बहुतेक मुलांना तो अगदी लहानपणीच, कुणाच्या लक्षात न येता होऊन जातो. आपल्या घरातल्या मुलांनाही तो बहुधा होऊन गेला असेल. श्रीमंत देशांत अनेकांना तो किशोरवयात होतो. हॉजकिन लिम्फोमाच्या जागतिक चित्रातला फरक याच्याशी निगडित दिसतो : भारतासारख्या देशांत तो लहान मुलांत तुलनेने जास्त दिसतो आणि त्यांच्या गाठींतल्या पेशींत हा विषाणू अधिक वेळा सापडतो, तर पाश्चात्त्य देशांत तरुण प्रौढांतला वेगळा उपप्रकार अधिक असतो. हा आजार मुलांत बहुतांशी बरा होतो. केमोथेरपीच्या काळात भाच्याची प्रतिकारशक्ती कमी राहील, म्हणून जपायचे ते इतरांच्या सर्दी-तापापासून, कांजिण्यांपासून आणि शिळ्या अन्नापासून त्याला.

प्रश्न : मानेतल्या गाठीत सुई घालून तपासणी केली आणि क्षयाची औषधे सुरू झाली. दोन महिने झाले, पण गाठ वाढतेच आहे. हा लिम्फोमा असू शकतो का?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : असू शकतो. भूगोल निदानातही डोकावतो : आपल्या भागात मानेतली गाठ पाहिली की क्षयाची शंका आधी येते आणि ती रास्तच आहे. क्षयाची औषधे चालू असताना गाठ काही काळ वाढूही शकते. तरीही आपण डॉक्टरांना गाठ संपूर्ण काढून तपासण्याविषयी विचारावे, कारण सुईने आलेल्या थोड्या पेशींवरून लिम्फोमाचा प्रकार ठरवणे कठीण असते. त्यासाठी गाठीची अखंड रचना पाहावी लागते आणि पेशींना रंग देऊन पाहण्याच्या विशेष तपासण्या कराव्या लागतात. त्याच गाठीचा काही भाग क्षयाच्या तपासणीसाठीही पाठवता येतो. तोपर्यंत स्वतःहून स्टेरॉइडच्या गोळ्या मुळीच घेऊ नका. त्यांनी लिम्फोमाची गाठ तात्पुरती आक्रसते आणि नंतर काढलेल्या तुकड्यातही खरे निदान सापडणे कठीण होते. तपासणीनंतर गाठीच्या तुकड्याचा मेणात जतन केलेला ‘ब्लॉक’ प्रयोगशाळेकडून मागून घ्या, म्हणजे गरज पडल्यास तोच मुंबईला किंवा अन्यत्र दुसऱ्या मतासाठी पाठवता येईल.