‘घरात कुणाला शुगर आहे का?’ असं विचारू नकोस

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू खुशीत होतीस. सगळे सीबॅक फॉर्म, म्हणजे घरोघरी विचारून आजाराचा धोका मोजायचे ते कागद, भरून झाले आणि ‘आई-वडील, भाऊ-बहिणींना बीपी, शुगर, हृदयविकार?’ याला बहुतेक घरांत ‘नाही’ आलं. मीही तुझ्यासारखी आशा सेविका असताना अशाच ‘नाही’ची चळत घेऊन पीएचसीत, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, जायचे.

एकदा एका ओसरीवर मी असंच ‘नाही’ लिहीत होते. समोर त्या घरातली म्हातारी पाय लांब करून बसलेली. उजव्या पायाला अंगठा नव्हता. विचारलं, तर म्हणाली, “काटा मोडला, चिघळला, मग डाक्तरनं काढला.” मी तांब्यातलं पाणी प्यायले आणि पुढच्या घरी गेले. फॉर्म तिच्या मुलाचा होता. दोन वर्षांनी तो डोळ्यांच्या शिबिरात सापडला, शुगरनं पडदा खराब झालेला. होय लिहिलं असतं तर २ गुण वाढले असते. बेरीज ४ च्या वर गेली की तपासणीला आधी पाठवायचं, हे तुला ठाऊक आहेच. ते ‘नाही’ माझ्या अक्षरात होतं.

तेव्हापासून मी प्रश्नच बदलला. लग्नाची मुलगी घरात असली की ‘आमच्यात तसलं काही नाही’ हे उत्तर दारातच तयार असतं. म्हणून आजाराचं नावच काढू नकोस. बिनसाखरेचा चहा कुणाचा वेगळा होतो? जेवणाआधी गोळी कोण घेतं? कुणाच्या पायाची जखम महिनोन्महिने भरली नाही? डायलिसिसला कोण जायचं? म्हाताऱ्या बायांना विचार, मोरीत लघवीला मुंग्या कुणामुळे लागायच्या. त्यांना बरोबर आठवतं.

सुनेला विचारशील तेव्हा जपून. ‘तुमच्या घरात’ म्हटलं की ती सासरचं सांगते, सासऱ्याच्या गोळ्यांसकट. रक्त माहेरचं असतं, बाई! तिच्या आईचं विचार, भावाचं विचार. आणि गरोदरपणात साखर वाढली होती का, तेही. बाळंतपणानंतर ती उतरते, म्हणून बाया विसरून जातात. पुढे शुगर लागण्याचा धोका मात्र राहतो.

‘मी एवढा वाळकुडा, मला कुठली शुगर?’ असं म्हणणारे खूप भेटतील. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या आया आणि बाळं अभ्यासली. आपली बाळं जन्मतःच २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडातली साडेतीन. पण आपल्या बाळांत मांस कमी आणि चरबी टिकून. तेव्हा वजनावर जाऊ नकोस, टेप पोटाभोवती लाव. बाईची कंबर ८० सेंटीमीटर आणि पुरुषाची ९० झाली की सावध व्हायचं.

आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या अहवालात देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या काठावरचे धरले आहेत. हे आकडे गावात सांगू नकोस, कुणी घाबरत नाही. १४ नोव्हेंबरला मधुमेह दिनाची प्रभातफेरी काढ हवी तर. माझा विरोध नाही, फक्त फेरी संपल्यावर पोरांना क्रीमची बिस्किटं वाटतात ते बघवत नाही.

आणखी एक काम. त्या म्हातारीची नात तुझ्या गावात दिली आहे, तिसरा महिना चालू आहे म्हणे. तिला लवकर केंद्रावर ने. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी साखर बघतात, १४० किंवा वर आली तर डॉक्टरांकडे. पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत तीच तपासणी. माहेरी शुगर आहे का विचारलंस तर नाहीच म्हणेल. मग बापाच्या डोळ्यांचं विचार, आजीच्या अंगठ्याचं विचार. मी सांगितलं म्हणू नकोस.

तुझी,
मावशी