ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोल्हापूरजवळ चौघांनी पॅकराफ्ट (हवा भरून फुगवायची, घडी करून सॅकमध्ये मावणारी हलकी होडी) घेऊन पंचगंगेत एक दिवस काढायचा, तर काय बघून जावं?

आधी बंधारे बघा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे ओळीनं खांब आणि मधल्या गाळ्यांत बसवलेले बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या. पावसाळ्यात बरगे काढतात, साधारण ऑक्टोबरपासून परत घालतात. तुम्ही जाल त्या दिवशी काय असेल ते काठावर उभं राहूनच कळतं. दोन्ही वाईट. बरगे नसतील तर पाणी अरुंद गाळ्यांत ओढलं जातं आणि राफ्ट आडवी होऊन खांबाला चिकटते. असतील तर वरून सांडणारं पाणी पायथ्याशी उलटं फिरत राहतं, त्यात लाईफ जॅकेट घातलेला माणूसही अडकतो. शिवाय राफ्टमधून बंधारा नुसती एक सरळ रेघ दिसतो. म्हणून शंभरेक मीटर आधीच काठाला लागायचं आणि राफ्ट उचलून चालत पुढं जायचं. तीन-चार किलोचं तर ओझं, त्यात कसला कंटाळा!

पहिल्यांदा जाताय तर प्रयाग चिखलीचा संगम ते शिवाजी पूल एवढंच ठेवा. पुलाच्या खाली शहराचं सांडपाणी आणि जलपर्णी, तिथं मजा नाही. तुंबलेल्या पाण्यात ताशी 3 किमी धरा. दुपारी समोरून वारा आला तर तेवढंही होत नाही, म्हणून सातलाच पाण्यात उतरा. परतीचा पाऊस होऊन पाणी गढूळ आणि चढतं दिसलं, तर मिसळ खाऊन घरी.

हवा पिशवीनं भरा आणि शेवटची तोंडानं फुंका. पाण्यात टेकवली की हवा थंड होऊन राफ्ट ढिली पडते. पाच मिनिटांनी परत फुंका. जेवायला थांबलात की उलटं करायचं: ऑक्टोबरच्या उन्हात हवा फुगते आणि शिवण सुटू शकते, तेव्हा थोडी सोडा नाहीतर राफ्ट सावलीत ओढा. मागं स्केग (पाण्यात राहणारा छोटा पंख) लावा, नाहीतर सपाट पाण्यात प्रत्येक वल्ह्याला तोंड डावी-उजवीकडं फिरतं.

काठापासून थोडं लांबूनच वल्हवा. शेतीपंपांचे पाईप, केबली आणि मोटारी बांधलेले दोर पाण्याच्या जेमतेम खाली असतात. भोक पडलंच तर जागा कोरडी करून अल्कोहोलच्या पुसणीनं पुसा आणि मग टीपीयूची (लवचिक प्लॅस्टिकची) टेप दाबून लावा. ओल्यावर ती धरत नाही. चौघांत एक 15-20 मीटरची थ्रो बॅग (बुडणाऱ्याकडं फेकायची दोराची पिशवी) हवी, पण दोर स्वतःच्या अंगाला बांधायचा नाही.

परत यायला दुसरी गाडी लागत नाही. राफ्ट घडी करून सॅकमध्ये घाला आणि वडाप धरा.