फुकट डेटा शोधताय? आधी हे बघा

तुझा विषय ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा ना, मग गुगलवर 'डेटा' टाकून फिरत बसू नकोस, हाती रद्दीच लागते. आधी २०११ च्या जनगणनेचं तुझ्या जिल्ह्याचं डिस्ट्रिक्ट सेन्सस हँडबुक उतरवून घे, पीडीएफ फुकट आहे. त्याच्या ए भागात गावात शाळा, पाणी, रस्ता काय आहे ते आणि बी भागात गावनिहाय लोकसंख्या, साक्षर, एससी-एसटी, काम करणारे किती ते मिळतं. जुनं आहे हे खरं, पण गावपातळीवर एवढं सलग दुसरीकडे कुठे मिळणार!

मग एनएफएचएस-५ ची, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची, जिल्हा फॅक्टशीट बघ, २०१९-२१ ची. यात एक गोष्ट नवीन पोरं हमखास सोडतात, काही आकडे कंसात असतात, म्हणजे ते फक्त २५ ते ४९ केसेसवरून काढलेत, आणि जिथे आकड्याऐवजी चांदणी (*) आहे तिथे २५ पण नाहीत. कंसातल्या आकड्यावर अख्खा चॅप्टर उभा करशील तर व्हायवात सोलतील.

कुटुंबवार कच्चा डेटा हवा तर आयएचडीएस (इंडिया ह्युमन डेव्हलपमेंट सर्व्हे), २००४-०५ आणि २०११-१२, बरीचशी कुटुंबं दोन्ही वेळा तीच, फक्त अकाउंट काढावं लागतं. वेट (नमुन्यातल्या प्रत्येक कुटुंबाला दिलेला भार) लावल्याशिवाय टक्केवारी काढायची नाही, कळलं ना?

थिसिससाठी शोधगंगा, म्हणजे भारतातल्या विद्यापीठांच्या पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा, आहेच (तिथून कॉपी मारू नकोस, संदर्भयादी मात्र बिनधास्त धुंडाळ). आणि जुने सरकारी रिपोर्ट पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या डिजिटल संग्रहात स्कॅन केलेले सापडतात, सर्च जरा कुरकुरतं, स्पेलिंग बदलून बदलून टाक.