"एक रविवार नाही गेले तर चालेल का, ताई?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलाय की आता समोरचं माणूस खुर्चीत कसं बसतंय यावरूनच मला अंदाज येतो. पुढे सरकून, टोकावर, बॅग मांडीवर, फोन उलटा ठेवलेला पण हात त्याच्यावरच. चळवळीतली मुलं असतात ही. कुणी टेकडी वाचवतंय, कुणी नदीकाठची झाडं, कुणी वस्तीतल्या लोकांची रेशनकार्डं काढून देतंय, कुणी धरणग्रस्तांच्या फाइली घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरतंय. प्रत्येकाची वाक्यं वेगळी पण फिरून फिरून एकच, मी थोडं थांबलो तर ती गद्दारी होईल का? आणि आईवडील आले की त्यांचा उलटा प्रश्न, हिच्या एकटीने काय होणारे, तुम्ही जरा समजवा की हिला.

तर एका मुलीची गोष्ट सांगते. नाव देत नाही, ओळखीच्या खुणाही बदलल्यात, आणि लिहायच्या आधी तिला विचारलंय. पाचसहा महिने येत होती माझ्याकडे ठाण्याला, त्यातलं मोजकंच इथे लिहितेय.

२०२२ चा पावसाळा होता. जूनच्या शेवटी राज्यात सरकार बदललं आणि मुंबई मेट्रो तीनची कारशेड, म्हणजे गाड्या ठेवायची जागा, कांजूरमार्गवरून परत आरेत, गोरेगावच्या जंगलात, आणायचा निर्णय झाला. आरेच्या पिकनिक पॉइंटला दर रविवारी लोक जमायला लागले. ही प्रत्येक रविवारी, आणि रविवार सोडून बाकीचे सहा दिवस रात्री दोन दोन वाजेपर्यंत फोनवर, पोस्टर, पत्रकं, वकिलांना कागद पाठवणं. दिवसा नोकरी. एका रविवारी अंगात १०२ ताप असताना पावसात उभी राहिली आणि सोमवारी ऑफिसच्या जिन्यात चक्कर येऊन बसली. अपॉइंटमेंट आईने घेतलेली.

बसल्या बसल्या म्हणाली, "मी आईसाठी आलेय. मला बरं वगैरे व्हायचं नाहीये. एवढंच सांगा की कमी झोपेत कसं चालवायचं."

मला ती तिथेच आवडली, खरं सांगते.

आता अशा वेळी आमच्यातलेच बरेच जण सांगतात, ब्रेक घे, जरा निसर्गात जाऊन ये. हिला निसर्गात जा म्हणणं म्हणजे बँकेतल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी बँकेत जाऊन बस म्हणण्यासारखं आहे! आणि मुळात ब्रेक घ्यायचा असतो हे तिला माहीतच होतं, माहीत असूनही घेता येत नव्हता. अडचण ती होती.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ पद्धतीत, म्हणजे मनातले हट्टी विचार शोधून बदलायच्या पद्धतीत, वाढलेली आहे, वीस वर्षं तेच करतेय, आणि मला कायम वाटतं की ही पद्धत मराठीत जितकी सोपी होते तितकी इंग्रजीतही होत नसेल, कारण आपल्याकडे एका अक्षरात सगळा हट्ट मावतो. च. यायलाच हवं, झालंच पाहिजे. माणसं या च खाली चिरडलेली असतात. तर मी नेहमीसारखं कागदावर लिहिलं, "मी प्रत्येक रविवारी गेलंच पाहिजे" आणि च वर बोट ठेवलं. म्हटलं, आता वाच.

तिने वाचलं. मग म्हणाली, "ताई, च काढला तर आमची घोषणाच उरत नाही. पोलिसांसमोर काय ओरडू, आरे वाचलं तर बरं होईल हो?"

मला हसू आलं, तीही हसली, पण मी अडकले होते. कारण तिचं बरोबर होतं. जगातली कुठलीच चळवळ च शिवाय उभी राहिलेली नाही. आणि मी तर सगळ्यांचा च काढत सुटलेली. त्या रात्री भांडी आवरतानाही डोक्यात तेच, की मग हिच्या बाबतीत चुकतंय काय? च नाही, मग काय?

पुढच्या वेळी दोन वाक्यं लिहून ठेवली. एक, आरे वाचलंच पाहिजे. दुसरं, आरे मीच वाचवलं पाहिजे. कागद तिच्याकडे सरकवला आणि काही बोलले नाही.

बराच वेळ बघत बसली. मी एवढंच विचारलं, "हा च झाडांवरून तुझ्यावर कधी आला?"

मला वाटलेलं म्हणेल, लहानपणापासून, मी घरातली मोठी वगैरे. ती म्हणाली, "गरब्याच्या रात्री."

४ ऑक्टोबर २०१९. शुक्रवार, नवरात्र चालू. त्या दिवशी हायकोर्टाने कारशेडसाठीच्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत करवती चालू झाल्या. ही मैत्रिणींबरोबर बोरिवलीला गरब्याला गेलेली. फोन पर्समध्ये, पर्स खुर्चीवर, वर ढोल. साडेअकराला पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा बघितलं तर ग्रुपवर शेकड्याने मेसेज. घागरा चोळीवरच रिक्षा पकडून निघाली, पण पोहोचली तेव्हा आत सोडत नव्हते. बाहेर रस्त्यावर उभं राहून आतला आवाज ऐकला तिने. दुसऱ्या दिवशी कलम १४४, म्हणजे जमावबंदी, लागलं. २९ जणांना अटक झाली, त्यातले तिच्या ओळखीचेही होते. ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने तोड थांबवली तोवर २,१४१ झाडं पडून गेलेली.

हे सगळं तिने तीन वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे तारखा, आकडे सगळ्यांना सांगायची, भाषणात सांगायची. गरबा सांगितला नव्हता.

मी विचारलं, "वेळेवर पोहोचली असतीस तर काय झालं असतं?"

"मलाही पकडलं असतं."

"म्हणजे २९ च्या ऐवजी ३०."

"हो."

"आणि झाडं किती कमी पडली असती?"

हा प्रश्न विचारताना माझा घसा कोरडा झालेला, लपवत नाही. चुकीच्या दिवशी विचारला असता तर ती उठून गेली असती. ती गप्प. खिडकीखाली कुणीतरी बाईक चालू करत होतं, होत नव्हती, ते आम्ही दोघी ऐकत बसलो.

"एकही नाही," म्हणाली. "पण मी तिथे असते ना."

आणि इथे माझी ट्यूब पेटली. इतके दिवस मी अपराधी भावनेशी भांडत होते. ही अपराधी नव्हतीच! म्हणजे वरवर होती, पण खाली दुसरंच होतं. आपल्याकडे माणूस गेलं आणि मुलगा गावाहून पोहोचायच्या आत सगळं उरकलं, तर तो आयुष्यभर काय म्हणतो? शेवटचं तोंड नाही बघायला मिळालं. हे तेच होतं. हिचं कुणीतरी गेलेलं आणि ही पोहोचली नव्हती. नंतर ना सुतक, ना दहावा, ना कुणी दारात येऊन बसलं. दुसऱ्या दिवसापासून पत्रकं. मग दर रविवारी हजर, ताप असला तरी हजर, कारण त्या एका रात्री हजर नव्हती. हजेरी लावून लावून ती रात्र भरून निघेल असं तिचं आतल्या आत चाललेलं, आणि अशी रात्र कधी भरून निघत नाही.

मला वाटतं आपण चळवळीतल्या मुलांना थकवा आलाय म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा तो न केलेला शोक असतो. झोपेच्या गोळीने थकवा जाईल, शोक जात नाही. हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं, त्या मुलीने शिकवलं, आणि त्यानंतर आलेल्या निदान सातआठ जणांना त्याचा उपयोग झालाय.

मग मी एक केलं. म्हटलं, तू मला नेहमी २,१४१ सांगतेस. मला एकाच झाडाबद्दल सांग.

आधी चिडली. मग म्हणाली, एक होता रेनट्री. "साधाच हो. परदेशी झाड. त्याच्यासाठी कुणी रडत नाही, लोक म्हणतात तोडा, देशी लावू." कॉलेजात असताना पहिल्यांदा आरेत फिरायला गेलेली तेव्हा त्या झाडाच्या फांदीपासून बाजूच्या झुडपापर्यंत जायंट वूड स्पायडर या मोठ्या कोळ्याचं जाळं होतं, सोनेरी, माणसाएवढं, आणि तिच्या तोंडावर येता येता राहिलेलं. किंचाळली म्हणे. मग तिथेच पाऊण तास बसून राहिली. ते झाड कारशेडच्या हद्दीत होतं.

त्या दिवशी ती रडली. भाषणात येतं तसं रडू नाही, नाक गळेपर्यंत, रुमाल पुरेना असं. मी मध्ये बोलले नाही, वेळ संपली तरी बोलले नाही, पुढच्या बाईंना बाहेर वीस मिनिटं बसावं लागलं, त्यांची माफी मागितली नंतर.

पुढचं भराभर सांगते. एका सकाळी ती मैत्रिणीला घेऊन आरेत गेली, मोर्चा नव्हता काही नाही. जागेला पत्रे ठोकलेले, आत जाता येत नाही, तर बाहेर जिथवर जाता येतं तिथे बसली. हातात फलक नाही असं आरेत बसायची तिची तीन वर्षांतली पहिली वेळ. तिथून एका पाड्यावर गेली, वारली कुटुंब, ओळखीच्या मावशी. आरेत असे २७ पाडे आहेत, सरकारी डेअरी १९४९ साली आली त्याच्या कितीतरी आधीपासूनची ही माणसं.

मी नंतर तिला विचारलं, "त्या मावशींनी कधी विचारलं का गं, मागच्या रविवारी का नाही आलीस?"

"नाही. त्या विचारतात जेवलीस का."

ज्यांचं घर जाणारे ती बाई दुपारी आडवी पडते, भाचीच्या लग्नात नाचते, वाघोबाला नारळ वाहते आणि सुनावणीच्या दिवशी कोर्टातही जाते. आणि आमची गोरेगावची मुलगी फ्लू झाला तर तो कुणाला कळू देत नाही. यात जरा अहंकार पण असतो, हे मी तिला तोंडावर म्हटलं, तिला लागलं, पण खोटं नव्हतं. मीच वाचवलं पाहिजे मधला मीच. नर्मदेच्या खोऱ्यातली माणसं १९८५ पासून धरणाविरुद्ध लढली, त्या काळात त्यांच्या घरात लग्नं झाली, बाळंतपणं झाली, पेरण्या झाल्या. २००० साली सुप्रीम कोर्टात निकाल विरोधात गेला आणि तरी आंदोलनाने चालवलेल्या त्यांच्या जीवनशाळांमधून पोरं शिकत राहिली. मुळशीत १९२१ ला शेतकरी धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि धरण झालंच. लांबची लढाई लढणाऱ्यांना घरी जाऊन झोपता आलं पाहिजे, नाहीतर ती दुसऱ्या वर्षी संपते.

जे असे कुणी वाचत असतील त्यांच्यासाठी, आमच्यात जे ठरलं ते सांगते, तुमचं वेगळं ठरेल. प्रत्येक कामाला दोन माणसं. वकिलाची फाइल तुझ्याकडे असेल तर ती दुसऱ्या कुणाला तरी उघडता आली पाहिजे, म्हणजे तू आजारी पडलीस तर ते आंदोलनावरचं संकट होत नाही. रविवारच्या पाळ्या लावायच्या, आणि पाळी नसेल तेव्हा ग्रुप म्यूट, खरोखरीच काही झालं तर फोन करायला एकच माणूस ठरवलेला. हा फोन फार महत्त्वाचा, कारण हिची भीती खरी होती, त्या रात्री फोन बघितला नाही म्हणूनच तर हुकलं, तिला नुसतं फोन बाजूला ठेव सांगून चाललं नसतं. आणि हरलात की लगेच पुढची मीटिंग लावू नका हो. दोन दिवस एकत्र बसा, रडा, शिव्या द्या, खिचडी करून खा. घरात कुणी गेलं तर तुम्ही तिसऱ्या दिवशी पत्रकं वाटता का?

आईवडिलांना एकच. "तुझ्या एकटीने काय होणारे" हे वाक्य बंद करा. तिला ते आधीच रोज रात्री ऐकू येतं, आणि खोटं ठरवायला ती अजून तासभर जागते. हिच्या आईने त्याऐवजी डबा द्यायला सुरुवात केली, चार जणांचा. वाद अर्ध्यावर आले.

झोप यायला दोनेक महिने लागले, अजूनही मधूनच जाते. ती चळवळीत आहे, मी तिला बाहेर काढलं नाही आणि काढायचंही नव्हतं, काही पालकांना वाटतं मी ते काम करते. त्याच वर्षी नवरात्रात पहिल्यांदा परत गरब्याला गेली. फोन पर्समध्ये. बाहेर येऊन बघितलं तर दोन मिस्ड कॉल, दोन्ही आईचे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो तीनचा आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) टप्पा चालू झाला. काही दिवसांनी तिचा मेसेज आला. "ताई, आज बसले त्यात. एसी मस्त आहे. एवढी मस्त नसती तर बरं झालं असतं. बीकेसीपर्यंत रडत गेले, शेजारच्या काकूंनी पाणी दिलं, त्यांना वाटलं ब्रेकअप. उतरणार होते मध्येच, पण ऑफिसला उशीर झाला असता."