बॉयलरचा धूर आणि कारखान्याचं सांडपाणी, दोन्ही शेवाळ खाऊन टाकतं हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुधावर प्रक्रिया करणारा कारखाना आहे, रोज लाखभर लिटर सांडपाणी निघतं, बॉयलर कोळशावर चालतो. एक कंपनी म्हणते, शेवाळाचं तळं बांधा, पाणीही शुद्ध होईल आणि धुरातला कार्बनही शोषला जाईल. यात तथ्य किती?

पाण्याच्या बाबतीत बरंच, कार्बनच्या बाबतीत फार थोडं. मी बारा वर्षं ईटीपीच्या (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) कामात आहे आणि त्यातली दोन एका कारखान्यातल्या अशाच तळ्याच्या काठावर काढली आहेत. त्यामुळे सूर थोडा तक्रारीचा लागला तर सांभाळून घ्या.

आधी पाणी. एरेशन टँकमधले जिवाणू सांडपाण्यातली घाण खातात, त्यांना ऑक्सिजन लागतो, म्हणून टाकीत हवा फुंकणारा ब्लोअर रात्रंदिवस घरघरत असतो. ईटीपीच्या वीजबिलातला साधारण निम्मा वाटा त्याचाच. उथळ तळ्यात शेवाळ असलं की उन्हात ते ऑक्सिजन सोडतं, जिवाणू तो घेतात, आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शेवाळ घेतं. शिवाय जिवाणूंच्या हातून निसटणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस त्याच्या अंगात जातो. कल्पना जुनी आहे. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५०च्या दशकात यावर काम केलं. आज ज्याला रेसवे पाँड म्हणतात, ते फूटभर खोल, लांबट, पॅडल व्हीलने सतत फिरतं राहणारं तळं त्यांच्याच कामातून आलं. आपल्या देशात तमिळनाडूतल्या राणीपेटला अल्जिनेट (समुद्री शेवाळापासून निघणारा, घट्टपणा आणणारा पदार्थ) बनवणाऱ्या एका कारखान्याने २००६ पासून आपल्या आम्लधर्मी सांडपाण्यासाठी सूक्ष्म शेवाळ वापरलं. आम्ल मारायला लागणारा कॉस्टिक सोडा वाचला, गाळही कमी झाला. म्हणजे पाण्याचं काम होतं, याबद्दल शंका नको.

दुधाचं पाणी यासाठी त्यातल्या त्यात सोयीचं आहे. डिस्टिलरीचं मळीचं पाणी किंवा कापड रंगवण्याचं पाणी इतकं गडद असतं की ऊन चार बोटंही खाली उतरत नाही, तिथे शेवाळ करणार काय? आणि प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देण्याच्या, पाण्यातले धातू शेवाळ धरून ठेवतं खरं, पण मग ते शेवाळच घातक कचरा होऊन बसतं.

आता धूर. तुमच्या पाण्यात लिटरला ६० मिलिग्रॅम नायट्रोजन धरू (खरा आकडा लॅबच्या रिपोर्टमध्ये टीकेएनसमोर असेल; टीकेएन म्हणजे अमोनिया आणि सेंद्रिय पदार्थांतला मिळून नायट्रोजन). लाख लिटरमागे रोज ६ किलो झाला. वाळलेल्या शेवाळात साधारण ८ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ६ किलोत ७५ किलो शेवाळ तयार होणार. धूर कितीही सोडा, त्यापुढे काही वाढणार नाही, कारण खत संपलं. एक किलो शेवाळ अंदाजे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड बांधतं. म्हणजे रोज १३५ किलो. आपल्याकडचा कोळसा जाळला की किलोमागे ढोबळमानाने दीड-पावणेदोन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे तळ्याने गिळला तो जेमतेम ८०-९० किलो कोळशाचा धूर, आणि त्यातलाही मोठा भाग चिमणीतून नाही, पाण्यातल्या जिवाणूंकडूनच आलेला. तुमचा बॉयलर दिवसाला किती कोळसा खातो ते तुम्हालाच माहीत.

जागेचंही बघा. चौरस मीटरला दिवसाकाठी १५ ग्रॅम वाढ धरली तर ७५ किलोसाठी ५,००० चौरस मीटर लागतात, म्हणजे सव्वा एकर. एमआयडीसीत! यावर कंपनीवाले म्हणतील, युरिया टाका, शेवाळ जास्त वाढेल. नायट्रोजन काढायला तळं बांधायचं आणि त्यात पोत्याने युरिया ओतायचा, असा तो उपाय.

मोठ्या वीजकेंद्रांसाठी हेच गणित आणखी अवघड जातं. ५०० मेगावॉटचं कोळशाचं केंद्र दिवसाला सुमारे ९,००० टन कार्बन डायऑक्साइड सोडतं. एक हेक्टर तळं, वाढ चांगली २० ग्रॅमची धरली तरी, ३६० किलो घेतं. भागाकार केला तर २५० चौरस किलोमीटर येतात. अमेरिकन सरकारने १९७८ ते १९९६ या काळात शेवाळापासून इंधन काढण्याचा कार्यक्रम चालवला होता, त्यातही वीजकेंद्रांचा वायू वापरण्याचा विचार होता. न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला हजार चौरस मीटरच्या तळ्यांत एखाद्या दिवशी ५० ग्रॅमपर्यंत वाढ मिळाली, पण रात्रीच्या थंडीमुळे सरासरी १० ग्रॅमच्या आसपासच राहिली. विकायला येणारा माणूस नेहमी तो एक दिवस दाखवतो.

शिवाय ते शेवाळ गुरांना घाला, जाळा किंवा शेतात टाका, कार्बनचा बहुतेक भाग पुन्हा हवेत जातो. खरी बचत ब्लोअरमध्ये आहे. ७५ किलो शेवाळ शंभर किलोहून जास्त ऑक्सिजन सोडतं, तेवढा हवेतून ढकलायला ७५ ते १०० युनिट वीज गेली असती. ती वाचली ती वाचलीच.

मग धूर अजिबात उपयोगाचा नाही का? एका कामाचा आहे, आणि ते आम्हाला उशिरा कळलं. आमच्या तळ्यात पहिल्याच महिन्यात अमोनिया झपाट्याने उतरला, पेढे वाटायचेच बाकी होते. तेव्हा ऑपरेटर मामा म्हणाले, "साहेब, दुपारी तळ्याकडेला मुतारीसारखा वास येतो." पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) मोजला तर १०च्या वर! शेवाळ पाण्यातला कार्बन ओढून घेतं तसा पीएच चढतो, आणि एवढ्या पीएचला अमोनिया पाण्यात राहत नाही, उडून जातो. आम्ही पाण्याचं प्रदूषण हवेत सोडत होतो आणि रिपोर्टवर खूश होतो. पुढे सिलिंडरमधून थोडा कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच ८च्या आसपास ठेवला, तेव्हा नायट्रोजन खरोखर शेवाळात जायला लागला. हे काम बॉयलरच्या धुरानेही होऊ शकतं. पण ती चिमणीतली चिमूटभर झाली, तिला कार्बन कॅप्चर म्हणायला जीभ रेटत नाही.

सगळ्यात जास्त छळलं ते शेवाळ बाहेर काढण्याने. लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे हजार लिटर पाणी उपसावं तेव्हा अर्धा किलो हाती येतं. सुट्या पेशी इतक्या बारीक की तळाशी बसतच नाहीत. आणि तसंच पाणी सोडलं तर? तरंगत्या घनपदार्थांची मर्यादा साधारणपणे लिटरला १००-१५० मिलिग्रॅम, तळ्यातल्या पाण्यात ५००. हिरवंगार पाणी घेऊन नापास. सेंट्रिफ्यूज लावला की वाचवलेली वीज तिथे जाते, तुरटी टाकली की शेवाळ गुरांच्या कामाचं राहत नाही. जिवाणू आणि शेवाळ यांचे एकत्र गोळे बनले तर ते आपोआप खाली बसतात, म्हणून बसलेला गाळ थोडा परत तळ्यात फिरवायचा. आम्हाला हे साधायला आठ महिने लागले. मध्येच एकदा रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी झाले, ते शेवाळ खातात, आणि तीन दिवसांत हिरवं तळं चहासारखं दिसायला लागलं. आषाढात तर आठवडाभर ऊन नाही, ब्लोअर पुन्हा पूर्ण चालू. म्हणून सध्याचा ब्लोअर भंगारात काढू नका, कंपनीने कितीही सांगितलं तरी.

जागा असेल तर आहे त्या ईटीपीच्या पुढे, शेवटच्या टप्प्याला तळं जोडा. त्याआधी ताडपत्री टाकून फूटभर खोल हौद करा आणि कंपनीला तो जुलै-ऑगस्टमध्ये चालवून दाखवायला सांगा, मार्च-एप्रिलमध्ये नव्हे. मोजताना बाहेर पडणारं पाणी गाळून आणि न गाळता, दोन्ही नमुने पाठवा, आणि दुपारी दोनचा पीएच स्वतः उभं राहून बघा.

टीकेएनचा आकडा आणि बॉयलरचा रोजचा कोळसा खाली लिहिलात तर तुमच्या कारखान्याचा नेमका हिशेब मांडून देतो.