पान मिटवायला चार मिलिमीटर

कोथरूडच्या एका आईचं पत्र आलंय. लेक अकरावी सायन्सला. हात जवळ नेला की लाजाळूसारखी मिटणारी, श्वास घेतल्यासारखी हलणारी कलाकृती करायचं तिच्या डोक्यात आहे. ‘यात पोट भरतं का? कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सोडू द्यावं का?’

ताई, लेकीच्या डोक्यातलं खूळ नाही. कॅनडाचे वास्तुकार फिलिप बीस्ली यांनी २०१० मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ॲक्रिलिकच्या पात्यांचं अख्खं रान टांगलं होतं. माणूस जवळ आला की पाती वळायची. त्यामागे सेन्सर, मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, आणि निटिनॉलची तार. निकेल-टायटेनियमचा हा मिश्रधातू वीज सोडली की तापून आखडतो. निवल्यावर स्प्रिंग त्याला पुन्हा ताणते. १० सेंटिमीटर तारेत ही हालचाल जेमतेम चार-पाच मिलिमीटरची. तेवढ्यातून पान मिटवायचं तर तरफ कुठे लावायची हे कळायला हवं, आणि ते मिटणं जिवंत वाटायला नजर हवी. म्हणून कला की इंजिनिअरिंग हा प्रश्न मला इथे चुकीचाच वाटतो.

आधी तिला एक पान करू द्या. आर्डुइनो हा तयार मायक्रोकंट्रोलर बोर्ड तापकीर गल्लीत मिळेल, तार ऑनलाइन मागवा. मग ते पान घरात दहा दिवस चालवायचं. गणपतीतल्या हलत्या देखाव्यामागे बसलेला माणूस पाहिलाय ना तुम्ही? पट्टा सैल झाला, मोटर तापली, की धाव घेणारा. या कामाचा मोठा भाग तोच आहे. निटिनॉल फार तापवलं तर ते आपला आकारच विसरतं. वैतागून सोडते की रात्री जागून दुरुस्त करते, हे बघा.

पोटाचं म्हणाल, तर नुसत्या कलाकृतींवर सुरुवातीची वर्षं निघणं कठीण. पण विज्ञान केंद्रं, संग्रहालयं, प्रदर्शनं उभारणाऱ्या डिझाइन संस्थांना असे हात लागतात.

बारावीनंतर डिझाइनला जायचं तर आयआयटी मुंबईच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड, आणि अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेसाठी डॅट, अशा प्रवेश परीक्षा आहेत. इंजिनिअरिंगच करायचं ठरलं तर कॉम्प्युटरपेक्षा मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्या. पदवीनंतर सीड या प्रवेश परीक्षेतून एम.डेस.ची, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाची, वाट उघडीच राहते.

दहाव्या दिवशी पान मिटतंय का, आणि मधे बिघडलं तेव्हा तिने काय केलं, ते मला कळवा. पुढचं त्यावर बोलू.