अंदमानला पाच दिवस जातोय, पळापळ नको आहे. काय काय ठेवावं?

भाऊ, कापसाची वेचणी उरकून फेब्रुवारीत निघताय ते बरं केलं, तेव्हा समुद्र शांत असतो. नागपूरहून चेन्नई किंवा कोलकात्यामार्गे विमान. पहिल्या दिवशी फक्त सेल्युलर जेल पाहा. मग तीन रात्री सरळ हॅवलॉक बेटावर काढा. २०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे.

राधानगर किनारा पश्चिमेला, सूर्यास्तासाठी तोच. पण घड्याळ आपलंच असलं तरी बेट फार पूर्वेला, साडेपाचच्या आसपास सूर्य बुडतेच. आम्ही वावरातल्या सवयीनं रमतगमत सहाला पोचलो, तर शिट्टीवाला सगळ्यांना पाण्याबाहेर काढत होता! चारलाच जा, गुडघाभर पाण्यात नुसते उभे राहा. लाट परतताना टाचेखालची वाळू अशी सरकते, जशी ओलित करताना दांडातली माती.

एक सकाळ तिथल्याच एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंगला द्या, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचे मासे पाहायचे. पोहता येत नसलं तरी तरंगती ट्यूब धरून जमते. स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल बुडी मारायच्या, मागं लागू नका, आराम हवा म्हणता ना? बाकी वेळ नारळपाणी अन् झोप. शंख, प्रवाळ मात्र पिशवीत टाकू नका, मनाई आहे.